टॉबीचा शोध

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, त्यात "वसतिगृहाच्या वाटचालीतील एखादा संस्मरणीय प्रसंग" लिहून पाठवावा, अशी विनंती होती. अधीक्षक म्हणून मी या परिसरात २६ वर्षे काढली. इमारतीची पायाभरणी, दहावीची पहिली तुकडी, विहारातील बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना या विषयांवर इतर मान्यवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहितील. मी एका हरवलेल्या कुत्र्याविषयी लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु १९९५-९६ साली जी मुले येथे सातवी-आठवीत होती, त्यांना शीर्षक वाचताच सर्व आठवेल, आणि सर किती खरे लिहितात हे ती ओळीओळीने तपासतील, याची मला जाणीव आहे.

भोजनगृहाच्या दर्शनी भिंतीवर त्या काळी एक छायाचित्र होते. हल्ली ते ग्रंथालयात आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात घेतलेले ते कौटुंबिक छायाचित्र. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. मुले रोज दोन वेळा त्या चित्रासमोर जेवायला बसत. त्यामुळे स्वयंपाकघरामागे उष्ट्यावर जगणारे एक तांबूस पिल्लू जेव्हा हळूहळू व्हरांड्यात वस्तीला आले, तेव्हा त्याचे नाव काय ठेवावे यावर चर्चासुद्धा झाली नाही. तो आपोआपच टॉबी झाला. सकाळच्या वंदनेला तो विहाराच्या पायरीशी बसे, त्रिशरण संपले की उठून अंग झाडी, आणि मुलांच्या रांगेच्या शेवटी भोजनगृहाकडे निघे.

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला वर्षावासाच्या प्रारंभाचा कार्यक्रम होता. बाहेरगावाहून आलेल्या एका ज्येष्ठ पाहुण्यांच्या चामडी चपला विहाराबाहेरून नाहीशा झाल्या आणि तासाभराने हौदामागे कुरतडलेल्या अवस्थेत सापडल्या. पाहुणे मला काही बोलले नाहीत. ते माझ्याच रबरी सपाता पायात घालून बसगाडीत चढले, आणि त्या न बोलण्याचाच मला अधिक अपमान वाटला. टॉबीला चपला कुरतडताना कोणी पाहिले नव्हते. त्या आवारात इतर कुत्री येत, उंदीर-घुशीही होत्या. त्या चपला कोणी कुरतडल्या, हे आजतागायत कळलेले नाही. परंतु त्या रात्री मला एक अपराधी हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मुले उठण्यापूर्वी, भाजीपाल्याचा टेम्पो परत निघाला तेव्हा मी टॉबीला पोत्यात घालून त्यात ठेवले आणि चालकाला सांगितले, अडाण नदीच्या पलीकडे कुठेतरी सोडून दे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर असेल. सकाळी वंदनेनंतर मुलांनी विचारले, "सर, टॉबी कुठं हाय?" मी म्हणालो, "गेला असेल कुठे तरी, येईल." नुकतेच आम्ही सर्वांनी हात जोडून पंचशील ग्रहण केले होते. चौथे शील उच्चारून पाच मिनिटेही झाली नव्हती.

मुले दोन दिवस वाट पाहून गप्प होतील, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. पहिल्या दिवशी त्यांनी सर्वसाधारण माणसे करतात तेच केले: पंचवीस-तीस जण हाका मारत शेतांतून धावले. तेव्हा सातवीतला एक मेंढपाळाचा मुलगा पुढे आला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा त्या दिवशी सर्वांना आज्ञा देऊ लागला. आरडाओरडा बंद करा, म्हणाला. भ्यालेले जनावर हाकेला ओ देत नाही, ते आणखी दडून बसते, ओळखीच्या माणसाचीही त्याला ओळख पटत नाही. शोधायचे ते पहाटे आणि रात्री निजानीज झाल्यावर, कारण दिवसभर लपलेले जनावर तेव्हाच पाण्याला आणि अन्नाला बाहेर पडते. टॉबी ज्या पोत्यावर झोपे ते त्याने व्हरांड्यातून उचलून फाटकाबाहेर, वाऱ्याच्या वाटेवर टाकले. त्याच्याजवळ पाण्याचे भगुणे ठेवले आणि भोवती बारीक माती पसरली, म्हणजे रात्री कोण येऊन गेले ते पावलांवरून कळावे. मग त्याने मुलांना वाटून दिले: दोघे दूधवाल्याकडे, दोघे बसथांब्यावरील चहावाल्याकडे, दोघे मटणाच्या दुकानी, दोघे पहाटे निंदणाला जाणाऱ्या बायांकडे. "जे लोक रोज त्याच येळी त्याच वाटेनं जातात, त्यायलेच इचारा," असे त्याचे म्हणणे होते. आठवीच्या मुलांनी वहीच्या पानांवर टॉबीचे चित्र काढले आणि खाली एकच खूण मोठ्या अक्षरांत लिहिली: डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा. सर्वच वर्णन लिहिले तर कोणी वाचत नाही, एक खूण ध्यानात राहते, हेही त्या मुलाचेच.

हे सारे मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहत होतो. इतकी शिस्त, इतकी विचारपूर्वक केलेली आखणी मी त्यांच्याकडून कोणत्याही क्रीडामहोत्सवात करून घेऊ शकलो नव्हतो. आणि ती सर्व मेहनत चुकीच्या दिशेला चालली होती, हे केवळ मला ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी मातीवर पावले उमटली. मुले नाचत आली. ती मांजराची निघाली.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा थांबला असता शाळेमागील पडक्या विहिरीवर कावळे घिरट्या घालताना दिसले. त्या विहिरीला कठडा नव्हता, पायऱ्या ढासळलेल्या, आत हिरवे पाणी. मला निरोप मिळून मी धावत पोचलो तेव्हा तो मेंढपाळाचा मुलगा कमरेला बैलाचा नाडा बांधून निम्म्या विहिरीत उतरला होता आणि वर सहा पोरे तो नाडा धरून उभी होती. त्यांचे पाय चिखलात घसरत होते. मी नाड्याला हात घातला. ओरडून उपयोग नव्हता. खालचा दगड सुटला असता तर सगळेच गेले असते. तो सावकाश तळाशी पोचला, एका काठीने काहीतरी ढकलून पाहिले आणि खालून ओरडला, "टॉबी नाय, सर! डुकराचं पिल्लू हाय!" त्या आवाजात केवढा आनंद होता! आम्ही त्याला वर ओढला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांची साले निघाली होती. तो हसत होता आणि माझे हात थांबता थांबत नव्हते.

सायंकाळच्या वंदनेनंतर मी मुलांना बसायला सांगितले आणि काय केले ते सांगून टाकले. आयुष्यात मी पुष्कळ भाषणे केली. हे सर्वांत लहान होते. कोणी रडले नाही, कोणी काही विचारले नाही. मुले उठून रांगेने बाहेर गेली, आणि जाताना प्रत्येकाने रोजच्याप्रमाणे "जयभीम, सर" म्हटले. ते ऐकणे त्या दिवशी कठीण होते.

त्या रात्री स्वयंपाकाच्या मावशी माझ्या खोलीच्या दारात आल्या. मावशींचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. मी बचावासाठी काहीतरी बोललो असेन, एका कुत्र्यासाठी पोराचा जीव जात होता, अशा अर्थाचे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या गावच्या हिरीवर कुत्रं पाणी पिऊन जाये, अन् आम्ही घागर घिऊन दूर उभ्या राहो. माह्या मायनं तसंच काढलं, मीही लहानपणी तसंच काढलं. पण आमचं पानी अडवलं थे माणसायनं. कुत्र्यायनं नाई." एवढे बोलून त्यांनी फडक्यात बांधलेल्या चार भाकरी माझ्या टेबलावर ठेवल्या. "सकाळी जाल तवा घिऊन जा," म्हणाल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर, २० मार्च १९२७ या दिवसावर, मी दरवर्षी मुलांपुढे बोलत आलो होतो. तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता, हे वाक्य मी प्रत्येक वेळी उच्चारले होते. त्याची ही बाजू माझ्या कधी मनात आली नव्हती.

पहाटे टेम्पोचालक, मी, तो मेंढपाळाचा मुलगा आणि आणखी एक विद्यार्थी असे चौघे निघालो. चालकाने नेमके ठिकाण दाखविले: नदी ओलांडल्यावर फाट्यावरचे बाभळीचे झाड. शोध सुरू करायचा तो जनावर शेवटचे जिथे दिसले तिथूनच. चार दिवस आम्ही ते सोडून सगळीकडे हिंडलो होतो. फाट्यावरच्या टपरीवाल्याने ताबडतोब सांगितले की, पांढऱ्या मोज्याचे कुत्रे दोन दिवस त्या बाभळीखालून हलले नाही. प्रत्येक गाडी आली की उठून उभे राही, गाडी गेली की बसे. तिसऱ्या दिवशी कोणी दगड मारले, वर मुसळधार पाऊस, तेव्हा ते रुळांच्या बाजूला गेले.

रूळ म्हणजे आमची मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, लोकांची लाडकी शकुंतला. वर्षभरापूर्वीच तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले होते. ११३ किलोमीटरचे अंतर तोडायला तिला तेव्हाही बराच वेळ लागे. आम्ही रुळांच्या कडेने चालू लागलो. मुलाने बरोबर टॉबीचे पोते घेतले होते, ते तो जमिनीवरून ओढत चालला होता. मी कारण विचारले. "वास मागं रायते. आपल्याले नाय सापडला, तं थो आपल्या मागं येईन," तो म्हणाला. वाटेत भेटलेल्या एका गँगमनने पुढच्या मोरीत एक आजारी कुत्रे पडून असल्याचे सांगितले. भाकरीचा तुकडा टाकला तरी जवळ येत नाही, म्हणाला.

मोरीत टॉबीच होता. बरगड्या मोजता याव्यात असा. आम्हाला पाहताच तो दुसऱ्या तोंडाने बाहेर पडला आणि शेतातल्या झुडपांत शिरला. मी "टॉबी, टॉबी" करीत मागे धावलो, तसा तो आणखी दूर गेला. मुलाने माझा हात धरून मला थांबविले. विद्यार्थ्याने अधीक्षकाचा हात धरण्याचा तो माझ्या कारकिर्दीतील एकमेव प्रसंग. "सर, तुमी मोरीच्या वरतं जाऊन बसा. पाठ करून बसा." मी निमूटपणे जाऊन बसलो. तो स्वतः शेताच्या धुऱ्यावर, टॉबीकडे पाठ न करता आणि तोंडही न करता, आडवा बसला, पोते बाजूला पसरले, मावशींची भाकरी काढली आणि मचमच आवाज करीत स्वतःच खाऊ लागला. टॉबीकडे त्याने पाहिलेच नाही. हाक नाही, चुचकारणे नाही. भाकरीचे बारीक तुकडे मात्र त्याच्या हातून अधूनमधून पडत होते, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा जवळ.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मध्येच शकुंतला आली, धडधडत आमच्या शेजारून गेली, मला वाटले आता संपले. टॉबी झुडपांत दिसेनासा झाला. मुलगा हलला नाही. गाडीचा आवाज विरल्यावर झुडपे हलली, आणि पोट जमिनीला टेकवून, सरपटत, टॉबी पोत्यापर्यंत आला. पोत्याचा वास घेतला. मग त्याने मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यावर जीभ फिरविली. मुलाने तेव्हाही त्याला कवटाळले नाही. आधी गळ्यात सुतळी अडकविली, मग हात फिरविला. आणि मग मात्र तो मोठमोठ्याने रडू लागला.

उपाशी जनावराला एकदम पोटभर घालू नये, म्हणून पहिल्या दिवशी त्याला पाणी आणि पातळ पेज एवढेच दिले. अंगावर गोचिड होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली. खरे तर ती आधीच टोचायला हवी होती. पुढच्या रविवारी भन्तेजींनी मुलांना कुक्कुर जातक सांगितले. राजाच्या रथाचे चामडे राजवाड्यातील कुत्री खातात आणि मारण्याची आज्ञा होते ती मात्र नगरातल्या सर्व कुत्र्यांना, अशी ती कथा. त्यात बोधिसत्त्व स्मशानातील कुत्र्यांचा प्रमुख असतो, आणि तो राजासमोर जाऊन खरे अपराधी दाखवून देतो. भन्तेजींना चपलांचे कोणी सांगितले होते की योगायोग होता, हे मी विचारले नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो, तरी बऱ्याच माना वळल्या.

या प्रकाराची कीर्ती कशी पसरली कोण जाणे, पण त्यानंतर पंचक्रोशीतले लोक हरवलेल्या कुत्र्यांसाठी माझ्याकडे येऊ लागले, आणि आता माजी विद्यार्थी नागपूर-पुण्याहून फोन करतात. विशेषतः दिवाळीत, फटाक्यांना भिऊन कुत्री पळतात तेव्हा. मी त्यांना त्या मुलाचेच सांगतो: आधी शेवटचे ठिकाण, मग गप्प राहणे, पहाट आणि मध्यरात्र, अंथरूण, रोजच्या वाटेचे लोक, एक ठळक खूण. शहरासाठी थोडी भर घालावी लागते. नगरपालिकेची गाडी आली होती का, हे विचारावे, कारण नसबंदीसाठी पकडलेले कुत्रे मूळ जागीच परत सोडावे, असा नियम २००१ पासून आहे. कानाचे टोक कापलेले दिसले तर शस्त्रक्रिया झाली असे समजावे. आणि काही जण चाचरत, आडवळणाने बोलतात, तेव्हा मी सरळ विचारतो की, तुम्हीच तर सोडून आला नाही ना? दोनदा उत्तर होकारार्थी आले. जनावराला असे उपाशी मरायला टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

तो मेंढपाळाचा मुलगा आज पशुधन पर्यवेक्षक आहे. माझा लेख त्याने आधी वाचावा म्हणून मी त्याला पाठविला होता. "विहिरीत उतरलो ते लिहू नका, आई वाचेल," एवढीच त्याने सूचना केली. ती मी पाळलेली नाही. त्याच्या मातोश्रींनी क्षमा करावी.

टॉबी पुढे नऊ वर्षे जगला. विहारामागील पिंपळाखाली मुलांनी त्याला पुरले. माझ्या हातची भाकरी तो खाई, वंदनेला पायरीशी बसे, माझ्या पायाशी कधी कधी झोपेही. परंतु भाजीपाल्याच्या टेम्पोचा आवाज फाटकाशी आला की तो उठून मुलांच्या खोलीत जाई आणि खाटेखाली शिरे. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे जनावरांना खोल्यांत मज्जाव होता. त्या नऊ वर्षांत मी त्याला एकदाही बाहेर काढले नाही.