कासव, हत्ती आणि मतभेद

टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाचे वाचक एकमेकांशी सगळ्याच बाबतींत भांडतात, पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत आहे: त्याच्या मालिकेच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. गंमत बघा. १९८३ साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ लिहून लेखकाने ज्या दारातून वाचकाला आत घेतलं, तेच दार त्याचे भक्त आता नवख्याच्या तोंडावर लावून घेतात आणि मागच्या दाराने या म्हणतात. मग मागचं दार कोणतं यावर वाद. कोणी ‘मॉर्ट’ म्हणतो, कोणी ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ म्हणतो. काही उत्साही मंडळींनी तर कोणत्या पुस्तकानंतर कोणतं वाचायचं याचे बाण काढलेले तक्ते तयार केले आहेत. चौकीतल्या पोलिसांची पुस्तकं वेगळी, चेटकिणींची वेगळी, खुद्द मृत्यू नायक असलेली वेगळी. २०१५ पर्यंत एकूण ४१ कादंबऱ्या झाल्या, म्हणजे भांडायला ऐवज भरपूर.

ही पुस्तकं माझ्या हाती पुतण्यामुळे आली. तो पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला अक्कलकोटला येतो तेव्हा बॅगेत फराळाच्या डब्यांना जागा राहत नाही इतकी पुस्तकं असतात. “काका, आधी हे वाचा,” असं बजावून त्याने एक हातात ठेवलं आणि जाताना बाकीची इथेच टाकून गेला.

मालिकेचं नाव ‘डिस्कवर्ल्ड’. जग ताटासारखं चपटं, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर आणि कासव अवकाशात पोहत निघालेलं. पाश्चात्त्य वाचक या चित्रावर फिदा असतो. आमच्याकडे कोणी चकित होणार नाही. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, आणि त्याला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय आमची आजी पुढे सरकत नसे. दिग्गज, कूर्म, शेष हे तर घरचेच. प्रॅचेटनेही कासव पुराणकथांतूनच उचललं आणि त्यात लपवाछपवी केली नाही. तेव्हा कासवाबद्दल त्याला माझ्याकडून जादा गुण नाहीत. गुण आहेत ते कासवाच्या पाठीवर त्याने जी माणसं वसवली त्यांना.

उदाहरणार्थ सॅम व्हाइम्स. गचाळ शहरातला, गरिबीतून वर आलेला पोलीस. १९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये तो बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरला मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. स्वस्तातले दहा डॉलरला मिळतात, ते एक-दोन हंगामांत गळायला लागतात. ज्याच्याकडे एकदम पन्नास नसतात तो दहा-दहा करत दहा वर्षांत शंभर घालवतो, आणि एवढं करून पाय ओलेच. इंग्लंडमधले वाचक हा परिच्छेद विसरायला तयार नाहीत. २०२२ साली तिथे गरिबाच्या टोपलीतल्या जिनसांची महागाई वेगळी मोजावी अशी चळवळ झाली, तेव्हा त्या निर्देशांकाला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं गेलं. आमच्या बाजारात दर पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकच्या चपलांचे ढीग लागतात. अंगठ्याजवळ पट्टा तुटला की चांभाराकडे जायचं, तो म्हणणार यात टाका बसत नाही, की नवीन जोड. व्हाइम्स अक्कलकोटात चालला असता. विनोदी कादंबरीतला एक हिशेब महागाई मोजायला घेतला जातो, यापेक्षा मोठी दाद वाचकांनी द्यायची तरी काय?

त्याच वाचकांची तक्रारही आहे, आणि ती आपल्याला पाठ आहे: पूर्वीसारखं राहिलं नाही. प्रॅचेटला विरळा प्रकारचा अल्झायमर झाल्याचं त्याने २००७ च्या अखेरीस जाहीर केलं. टाइप करणं जमेना तसा तो बोलून लिहू लागला. २०१३ च्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये डिस्कवर्ल्डात आगगाडी येते, आणि कित्येक जुन्या वाचकांना वाटलं की वाक्यं लांबली, पात्रं भाषणं देऊ लागली, व्हाइम्सचा आवाज हरवला. दुसरे म्हणतात, आजारी माणसाच्या पुस्तकाला असं तोलायचं नसतं. मी पहिल्यांच्या बाजूचा आहे. ‘रेझिंग स्टीम’ ढिलं आहे. ढिल्याला ढिलं म्हटल्याने लेखकावरचं प्रेम उणं होत नाही. उलट आधीचं ‘नाइट वॉच’ किती घट्ट विणलेलं आहे ते त्यामुळेच कळतं.

आपण हे करत नाही. चिं. वि. जोशींचंच घ्या. बडोद्याला पाली शिकवणारा हा विद्वान चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहीत राहिला. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ चं. आपल्याकडची लांबलेली विनोदी मालिका म्हणायची तर पहिला मान तिचाच. आता कुणाही चाहत्याला विचारा, यातली फसलेली गोष्ट कोणती? तो दुखावल्यासारखा बघेल. “अहो, चिमणराव म्हणजे चिमणराव!” आणि पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या दूरदर्शनवरच्या मालिकेची आठवण काढेल. आठवण चांगलीच आहे, पण तिला मत म्हणता येत नाही. विनोदी लेखक म्हटला की आपण त्याला ‘निखळ’, ‘निर्विष’ अशी दोन-चार विशेषणं चिकटवतो आणि फोटोला हार घालून मोकळे होतो. भांडण करण्याइतकं गंभीरपणे घ्यायचं ते शोकांतिका लिहिणाऱ्यांना. लेखक गेल्यावर मात्र त्याची धोब्याची चिठ्ठीसुद्धा ‘अप्रकाशित साहित्य’ म्हणून छापायला आपण कमी करत नाही. प्रॅचेटने अर्धवट लिखाणाची हार्ड डिस्क नष्ट करा म्हणून सांगून ठेवलं होतं. २०१७ साली ती खरोखरच वाफेच्या रोड रोलरखाली घातली गेली. काही वाचक हळहळले. मला विचाराल तर झालं ते उत्तम.

पण मला मुख्यतः बोलायचं आहे ते १९९२ च्या ‘स्मॉल गॉड्स’बद्दल. एक ओम नावाचा सर्वशक्तिमान देव. त्याच्या नावाने भलंमोठं धर्मपीठ चालतं, देवळं आहेत, पुजारी आहेत, चौकशीच्या कोठड्या आहेत. देव पृथ्वीवर अवतार घ्यायला येतो आणि बघतो तर आपण एक यःकश्चित कासव झालो आहोत. कारण देवाचं बळ भक्ताच्या विश्वासावर चालतं, आणि एवढ्या अफाट धर्मात त्याच्यावर मनापासून विश्वास असलेला एकच जण उरला आहे: मठाच्या बागेत खुरपणी करणारा, लिहिता-वाचता न येणारा ब्रुथा. बाकीच्यांचा विश्वास धर्मपीठावर आहे, त्याच्या भीतीवर आहे. कासवाला फक्त ब्रुथाच ऐकू शकतो, आणि कासव बिचारं त्याच्यावर सारखं खेकसत असतं.

बाहेरचे पुष्कळ वाचक याला धर्माची टर उडवणारं पुस्तक म्हणतात. नास्तिक टाळ्या वाजवतात. काही आस्तिकही म्हणतात की हे आमच्याच बाजूचं पुस्तक आहे. मी ते अक्कलकोटात वाचलं. इथे गुरुवारी स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर चालत येणारे असतात, मोठ्या गाडीतून उतरणारे असतात. हारवाले, लॉजवाले, पेढेवाले, अन्नछत्रातली पंगत, सगळं गाव त्या भक्तीवर चालतं. आणि याच गावात शेंबडं पोरसुद्धा सांगतं की मालोजीराजे हत्तीवरून लवाजम्यासकट दर्शनाला आले तेव्हा स्वामींनी राजाच्याच थोबाडीत दिली. ही गोष्ट सांगताना इथला माणूस हसतो. हसता हसता हात जोडतो. दोन्हींत त्याला काही विसंगती दिसत नाही.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि वाद घालायचा झाला तर दोन्ही. त्यांना मी ओमची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाले, “मग यात त्या साहेबाने नवीन काय सांगितलं? देव भक्ताच्या दारात येऊन उभा राहतो, भक्त त्याच्याशी भांडतो, तुला आम्ही मोठा केला म्हणतो. नामदेव, तुकोबा दुसरं काय करतात?” थोडं थांबून म्हणाले, “फक्त त्याच्या कासवाला मोक्षाची घाई दिसते.”

नामदेव-तुकोबांच्या या दाखल्याने माझं मत पक्कं झालं. ‘स्मॉल गॉड्स’ देवावर हसत नाही. देवाच्या नावाने खुर्ची टाकून बसलेल्यावर हसतं, आणि ब्रुथाला मात्र नखाएवढाही ओरखडा काढत नाही. आपल्याकडे हा विनोद भारुडात आहे, गवळणीत कृष्णाची फिरकी घेणाऱ्या मावशीत आहे. ‘गाढवाचं लग्न’मध्ये तर इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व थेट सावळ्या कुंभाराच्या दारात येतो, आणि दादू इंदुरीकरांनी तो सावळ्या फडावर गाजवला. २००७ साली मकरंद अनासपुरेने पडद्यावर केला. म्हणजे विनोदी अद्भुत आपल्याला परकं नाही. फक्त ते फडावर राहिलं, पडद्यावर गेलं, पुस्तकात मुक्कामाला आलं नाही. कादंबरी लिहायला बसलं की आपला लेखक एक तर ‘वीरधवल’सारखा गंभीर चेहरा करून तलवारी काढतो, नाही तर विनोदाला घेऊन सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडात शिरतो. मधल्या रस्त्यावर देव, भूत, कुंभार, फौजदार एकत्र उभे आहेत, आणि मराठीत त्यांना घेऊन चाळीस राहू द्या, चार कादंबऱ्या सलग लिहिणारा अजून माझ्या वाचनात नाही.

तोवर उसनवारी. तुमच्या घरातल्या एखाद्या तरुण मुलाकडे ही मालिका असेलच, त्याच्याकडून मागून घ्या. तक्त्यांच्या आणि बाणांच्या नादी लागू नका, ‘स्मॉल गॉड्स’ आधी वाचा. त्यात पूर्वीच्या कुठल्याही पुस्तकाची माहिती लागत नाही. आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा, फक्त का नाही आवडलं तेही सांगा.