पाइप उभा चिरताना

आमचं घर चिपळूणजवळच्या वाडीत आहे. मागच्या पडवीवर पत्रा आहे आणि त्याच्या पागोळ्या जोत्याला लागूनच पडतात. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आमच्या भिंती जांभ्याच्या, आणि जांभा पाणी ओढून घेतो. श्रावण लागेपर्यंत आतल्या खोलीची भिंत हातभर ओली होते, आणि आईची खाट त्याच भिंतीला आहे. यंदा काही झालं तरी पन्हळ लावायची, असं एप्रिलमध्येच ठरवलं.

पूर्वी आमच्याकडे पन्हळ पोफळीची असायची. खोड उभं फोडायचं, आतला भाग कोरून काढायचा. आता त्यासाठी चांगली पोफळ कोण पाडणार? तयार प्लास्टिकची पन्हळ तालुक्याच्या दुकानात ठेवत नाहीत, ती मागवून घ्यावी लागते आणि वाहतुकीचा खर्च वेगळा. म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप आणून तो उभा चिरायचं ठरलं. वीस फुटी एका पाइपात वीस फुटांच्या दोन पन्हळी निघतात. पडवीला तेवढ्या पुरत होत्या.

पाइप घेताना आधी भिंतीची जाडी बघा. सांडपाण्याच्या पाइपावर आयएस 13592 असं छापलेलं असतं आणि पुढे टाइप ए किंवा बी. चार इंची म्हणजे 110 मिलिमीटरच्या पाइपात ए ची भिंत किमान 2.2 मिलिमीटर असते, बी ची 3.2. पावसाच्या पाण्याला ए चालतो आणि तो स्वस्तही पडतो. पण उभा चिरल्यावर तो लिबलिबीत होतो, दोन आधारांच्या मधे झोळ पडतो. मी बी घेतला आणि ते बरंच झालं.

पाइप आडवा कापायला काही लागत नाही. एक्सा ब्लेड घ्या, पाइप फिरवत राहा, झालं. उभं चिरणं हे वेगळंच काम आहे. त्या दिवशी नळाच्या कामाला आलेले प्लंबर म्हणाले, ग्राइंडरने दहा मिनिटांत करून देतो. त्यांनी सुरुवात केली. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो आणि पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. चकती पुढे जात होती आणि मागे वितळलेलं प्लास्टिक चिरेत पुन्हा चिकटून बसत होतं. फूटभर गेल्यावर चकती अडकली आणि मशीनने मागे जोराचा हिसका दिला. कोणाला लागलं नाही, पण मी घाबरलो. घशाला झोंबणारा वासही सुटला होता. पीव्हीसी फार तापलं की त्यातून आम्लाची वाफ निघते, ती छातीत जाऊ देऊ नये. आम्ही तिथंच थांबलो. तेवढा फूटभर तुकडा नंतर कापून टाकला. पाइपाला एका टोकाला सॉकेट असतं, तेही पन्हळीला नकोच होतं.

चकती अडकायचं खरं कारण मला शेजारच्या सुतारकाकांनी दाखवलं. त्यांनी त्या कापलेल्या तुकड्याची चीर ब्लेडने हळूहळू पुढे नेली. चीर टोकाला पोचली तशी फट आपोआप मिटली आणि कडा एकमेकींना भिडल्या. “बघ, हा आतून ओढलेला असतो,” काका म्हणाले. कारखान्यात गरम पाइप बाहेर येतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू आधी थंड होते, आतली मागाहून. मागाहून आवळणारी आतली बाजू ताणातच राहते. पाइप अखंड असेपर्यंत ते कळत नाही. चिरला की तो आत मिटायला बघतो आणि पातं धरून ठेवतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं सुचत जातं.

आखणी आधी आणि दोन्ही बाजूंची एकाच वेळी. एक बाजू चिरल्यावर पाइपाचा आकार बदलतो, मग समोरची रेघ बरोबर येत नाही. वर्तमानपत्राची पट्टी पाइपाभोवती गुंडाळली, बरोबर जिथे मिळते तिथे कापली, आणि दुमडून अर्धी केली. 110 च्या पाइपाला ती अर्धी पट्टी साधारण 173 मिलिमीटर भरते. दोन्ही टोकांना त्या पट्टीने खुणा केल्या. पण त्याआधी पाइप गडगडणार नाही याची सोय करावी लागते. लांब फळीवर दोन रिपा ठोकल्या, मधे पाइप बसेल एवढी जागा ठेवून, आणि दोन्ही टोकांना एकेक स्क्रू मारून पाइप फळीला जखडला. मग गेरूत भिजवलेली दोरी दोन्ही खुणांवर ताणून सूत मारलं. कंपनीने छापलेल्या अक्षरांची ओळ सरळ दिसते म्हणून तिच्यावर चिरत जाऊ नका. आमच्या पाइपावर ती दोरीपासून चांगली बोटभर सरकत गेली होती.

कापायला काकांची जिगसॉ मशीन वापरली. बारीक दातांचं, लोखंडाच्या पत्र्याला लावतात ते पातं, आणि वेग सर्वांत कमी. भुसा कोरडा, पांढरा पडत राहिला पाहिजे. तो दोऱ्यासारखा निघायला लागला की समजायचं पातं तापलंय, मग थांबायचं. मशीनचा तळ सपाट आणि पाइप गोल, त्यामुळे ती डावी-उजवी झुलत होती. काकांनी तळाला दोन बाजूंना लाकडाच्या बारीक पट्ट्या दुतोंडी चिकटपट्टीने लावल्या. पट्ट्या पाइपाच्या दोन अंगांना टेकल्या आणि मशीन सुतावरून सरळ चालायला लागली. या एका युक्तीने आमचं निम्मं काम हलकं झालं.

फट मिटू नये म्हणून पात्याच्या मागे बांबूच्या पाचरी घालत गेलो, पहिली काढून पुढे लावायची असं नाही, सगळ्या तशाच ठेवायच्या. आणि चीर सलग न्यायची नाही. दर दोन फुटांवर बोटभर भाग न कापता सोडायचा. पुढे पुन्हा सुरुवात करायला तिथे ड्रिलने भोक पाडून पातं आत उतरवायचं. हे टाके दोन्ही बाजूंना ठेवले की पाइप शेवटपर्यंत पाइपच राहतो, वळत नाही, पिळत नाही. दोन्ही रेघा झाल्यावर साध्या एक्सा ब्लेडने टाके तोडायचे. शेवटचा टाका तोडला तेव्हा दोन्ही अर्धुकं फळीवर सुटी झाली आणि मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मनगट मात्र चमचा धरू देत नव्हतं.

मशीन नसेल तर हाताने होतं. एक्साच्या फ्रेममध्ये पातं नव्वद अंशांत फिरवून बसवता येतं, म्हणजे फ्रेम आडवी राहते आणि पाइपाच्या टोकाला अडत नाही. पण त्यात दोन्ही भिंती एकदम कापल्या जातात. वरची रेघ डोळ्यासमोर असते, खालची भरकटते. तीन-चार फुटांच्या तुकड्याला ठीक, वीस फुटांना नको.

चिरलेल्या कडा करवतीसारख्या बोचऱ्या असतात. कानस आणि मग पॉलिश पेपर मारला. भुसा अंगाला, कपड्यांना चिकटतो आणि वाऱ्यावर उडतो. खाली ताडपत्री घातली होती म्हणून तो विहिरीकडे गेला नाही. तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा हवाच. आणि एक सांगतो, आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत हाताला येईल ते घालायची सवय आहे. पीव्हीसीचे तुकडे तिथे घालू नका. तो धूर विषारी असतो, आणि सकाळी चुलीपाशी घरातल्या बायका बसलेल्या असतात.

अर्धुकांचं तोंड थोडं आत वळलेलं राहतं. लावताना लोखंडी पट्टीच्या आकड्यांमध्ये ते उघडून बसवलं. दोन फुटांवर एक आकडा. पडवीच्या मध्यावर दोन्ही पन्हळी उंच, तिथे अर्धी कापलेली एंड कॅप सोल्युशनने चिकटवली, आणि दोन्हीकडे उतार. प्रत्येक पन्हळीला अडीच इंच उतार लेव्हलच्या नळीने पाहून ठेवला. पन्हळ आकड्याला स्क्रूने घट्ट केली नाही. पीव्हीसी उन्हात वाढतं. वीस फुटांना पंचवीस अंशांच्या फरकाने सेंटिमीटरभर लांबी बदलते. घट्ट आवळलं तर ती वाकते किंवा स्क्रूपाशी तडकते. म्हणून वरून तार नुसती अडकवली. बाहेरून ऑइलपेंटचा हात दिला, उन्हाने पाइप ठिसूळ होतो म्हणून.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पडवीच्या पन्हळी पुरल्या. पत्र्याचा उतार जास्त आहे तिथे थोडं पाणी वरून उडून जातं, तिथे पन्हळ अजून इंचभर बाहेर सरकवायची आहे. भिंत किती कोरडी राहते ते श्रावणात बघू. मुख्य घराच्या मोठ्या पाखीला चार इंची पुरणार नाही, तिथे सहा इंची पाइप लागेल.

शेजारच्या वहिनींना आता दोन इंची पाइप चिरून कोंबड्यांच्या पाण्याची कुंडी करायची आहे. त्यांना रिपांची फळी आणि पट्ट्या दिल्या आहेत. मात्र जिगसॉला आखूड पातं लावायला सांगितलंय. लांब पातं बारीक पाइपात खालच्या भिंतीवर आपटतं आणि मोडतं.