मऊपणाची पारख

अ‍ॅस्टेरियास मऊ लागला की पाणी द्यायचं की सुरी घ्यायची, हे मी आजवर अंगठ्याने ठरवत आले. आता मधुमेहाने बोटांची टोकं बधिर केली आहेत. कलमाचं पातं अजून नीट धरता येतं, कुंडी बदलता येते. पण झाडाच्या अंगाचा ताण कळत नाही. दुसऱ्या कॅक्टसचे काटे तरी काही सांगतात. याला काटेच नाहीत. आठ धारांचा चपटा गोळा, अंगभर पांढरे ठिपके आणि प्रत्येक धारेच्या मधोमध लोकरीच्या गोंड्यांची ओळ.

तहानेचा मऊपणा सगळ्या अंगाला सारखा असतो. धारांमधल्या खाचा खोल जातात, दाबलं की अंग परत वर येतं. कूज एका बाजूने सुरू होते, बहुधा मातीला टेकलेल्या कडेने, आणि तिथे दाबलेलं दबूनच राहतं. इथवर कुणालाही शिकवता येईल. माझी झोप उडवली ती तिसऱ्या मऊपणाने. मुळं मेलेली, अंग मात्र निरोगी. हा मऊपणाही सर्वांगाला सारखा, हाही दाबल्यावर वर येतो. पाणी घालावं तर प्यायला खाली कुणी नाही, माती ओली राहते आणि आठवड्याभरात कूज मानेपर्यंत चढते. मेक्सिकोतल्या तामौलिपास आणि दक्षिण टेक्सासच्या झुडपांखाली हे झाड कोरड्या दिवसांत आकसून जमिनीच्या पातळीला जातं आणि पाऊस पडला की फुगतं. तिथे पावसानंतर ऊन येतं. आमच्या पुण्यात श्रावणात माती वाळायचं नावच घेत नाही.

या दोन तहानांमध्ये मला फरक जाणवायचा. मुळं जिवंत असली की दाबलेलं अंग जरा जोराने उसळायचं, असं मी मानत होते. आता तपासून बघायला बोटंच नाहीत. म्हणून वजनकाटा आणला. पाणी दिलेल्या कुंडीशेजारी तेवढ्याच मातीची रिकामी कुंडी ठेवायची, दोन्हींची वजनं रोज घ्यायची. झाडाची कुंडी कमी हलकी झाली तर मुळं पीत आहेत, प्यालेलं पाणी अंगातच साठतं आहे. मार्च-एप्रिलमध्ये ही युक्ती चोख चालते. श्रावणात दोन्ही कुंड्या जवळजवळ सारख्याच हलक्या होतात, आणि नेमका तेव्हाच निर्णय हवा असतो.

खालच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे शिकायला येते. तिचं उत्तर सरळ आहे. "काकू, काढूनच बघू या ना." ती कुंडी उलटी करते, माती झटकते, मुळं बघते. मेलेली मूळ-साल बोटांनी ओढली की सहज निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. तिला ते चटकन कळतं. मुळांवरचा पिठ्या ढेकूणही त्यातच सापडतो, जो वरून दाबून मला कधीच कळला नसता. तरीही माझा विरोध आहे. दर वेळी बारीक मुळं तुटतात, पावसाळी हवेत त्या जखमा उघड्या राहतात आणि झाड पुढे कितीतरी दिवस रुसून बसतं. हे सगळं खरं आहे. आणि पाहुण्यांसमोर नुसता अंगठा टेकवून निदान सांगण्याचा मला फार अभिमान होता, हेही खरं आहे.

ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर कलम केलं की हा प्रश्नच येत नाही, असं आमच्या कॅक्टसवाल्यांतले बरेच जण म्हणतात. वाढही झपाट्याने होते. पण खुंटावरचा अ‍ॅस्टेरियास वर फुगत जातो, त्याचा चपटेपणा जातो. जपानी 'सुपर काबुतो' वाणाचे मोठमोठे ठिपके असे फुगलेल्या अंगावर पाहिले की मला वाईट वाटतं. स्वतःच्या मुळावरचा, मातीला बिलगून बसलेला अ‍ॅस्टेरियास ज्याने वाढवला नाही त्याने या झाडाबद्दल मत देऊ नये. रोपवाटिकांनी तर कमाल केली आहे. निव्वळ कोकोपीटमध्ये भरून विकतात. ते भिजलं की मानेभोवती ओलं फडकं गुंडाळल्यासारखं राहतं. वर गरम गोंदाने सुकी फुलं चिकटवतात. जंगली झाडांच्या व्यापारावर १९८७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाचं बंधन आहे, म्हणून आपल्या हातात येतो तो बियांतून वाढलेला. ते बी धरायलाही दोन वेगळी झाडं एकाच वेळी फुलावी लागतात. इतक्या खटाटोपाने जन्मलेलं रोप कोकोपीटमध्ये मारायचं?

परवा ती मुलगी अ‍ॅस्टेरियास म्हणून घेतलेला एक गोळा घेऊन आली. आठ धारा, काटे नाहीत. मी हात लावायच्या आधीच तिने सांगितलं की गोंडे नाहीत, धारेवर नुसते वण आहेत आणि खरचटलेल्या जागी चीक सुकलाय. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातला युफोर्बिया ओबेसा, कॅक्टसच नव्हे. बरोबर होतं. ओबेसात नर-मादी वेगळी असतात, हे मी लगेच पुढे जोडलं, कारण शेवटचं वाक्य माझं असावं असं मला वाटलं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात मला माझा सर्वांत जुना अ‍ॅस्टेरियास ठेवायचा आहे. या पावसाळ्यात तो मऊ पडला तेव्हा माझं नको-नको चाललेलं असताना तिने तो उपटला, मेलेली मुळं कापली, गंधक लावून सावलीत सुकवला आणि विटांच्या खडीत नवी मुळं फुटू दिली. प्रवेशिकेवर दोघींची नावं घालू या का, असं तिने विचारलंय. झाड बियांपासून मी वाढवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.