पाळण्याची तुळई

जुन्या सांगवीतलं आमचं घर पाडलं त्या दिवशी माजघराची तुळई ट्रकवर चढवण्याआधी मी तिच्यावरून हात फिरवला. मधोमध बोटभर खोल खळगा होता, पाळण्याच्या दोरीनं झिजून पडलेला. आजोबा, वडील, आम्ही भावंडं, सगळे त्याच दोरीला झुललो. सागवानाचा भाव घनफुटावर ठरला होता. व्यापाऱ्यानं खळग्याएवढं लाकूड मापातून वजा केलं. संध्याकाळी खांबांखालचे दगडी तळखडे तेवढे मागं उरले. घराचा साधा नकाशाही मी काढून ठेवला नव्हता. ते अजून सलतं.

म्हणूनच वांग चर्चची हकिकत वाचली तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागा राहिलो. दक्षिण पोलंडच्या डोंगरात, कार्पाच गावी, लुथरन पंथाचं हे छोटंसं लाकडी चर्च आहे. पण ते तिथलं नव्हे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी ते नॉर्वेतल्या वांग गावात उभं राहिलं. अशा चर्चला तिकडे ‘स्टावकिर्के’ म्हणतात. स्टाव म्हणजे खांब. सगळा भार उभ्या खांबांवर, आपल्या वाड्यासारखाच. दाराच्या चौकटीवर एकमेकांत गुंतलेले नाग-सर्प कोरलेले. नॉर्वेत आज अशी जेमतेम २८ चर्च उरली आहेत.

वांगच्या लोकांना ते अपुरं पडू लागलं, लाकूडही जीर्ण झालं होतं. नवं बांधायला पैसा हवा म्हणून १८४१ साली जुन्याचा लिलाव झाला. योहान क्रिस्तियान दाल या नॉर्वेजियन चित्रकाराला ते बघवेना. त्यानं प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याला गळ घातली आणि ते विकत घ्यायला लावलं. आधी रेखाटनं झाली, मग एकेक भाग सोडवून समुद्रमार्गे बर्लिनला नेला. राजाच्या मनात संग्रहालय होतं. पण काउंटेस फ्रीडेरिके फॉन रेडेन हिनं आपल्या डोंगरातल्या माणसांसाठी ते मागून घेतलं. २८ जुलै १८४४ रोजी तिथं उपासना सुरू झाली. बरंच लाकूड नवं घालावं लागलं, आणि श्न्येझ्का शिखरावरून येणारा वारा अडवायला शेजारी दगडी मनोरा बांधला. मला त्यात काही उणं वाटत नाही. बाईंनी केलं तेच योग्य: देवघर माणसांच्या वापरातच राहावं.

१९४५ नंतर सीमा बदलल्या. गावातल्या जर्मनांना निघून जावं लागलं, पोलिश माणसं आली, आणि चर्चनं तिसरी भाषा ऐकली. त्याच काळात, १९४३ ते १९४८, घरदार सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते. आमच्या सांगवीतही निम्मी घरं कामधंद्यासाठी आलेल्यांची. शेजारच्या काकूंनी लातूरहून येताना तुळशीचं रोप मांडीवर धरून आणलं होतं. आता त्याच्या मंजिऱ्या आमच्या कुंडीतही उगवल्या आहेत.

तुमचं गावाकडचं घर उतरवायची वेळ आली, तर गावातल्या जुन्या सुताराला दोन दिवस आधी बोलवा. खणाखणाची मापं लिहून घ्या, खांबा-तुळयांवर खडूनं आकडे घाला, फोटो काढा. बाकी काही जमलं नाही, तरी पाळण्याची तुळई विकू नका.