कार्तिकातली मरळ

कोजागिरी उलटली की नागपुरात एकाच दिवसात दोन ऋतू नांदू लागतात. दुपारी पारा अजून ३२-३३ अंशांवर असतो, उन्हात उभं राहवत नाही; पहाटे मात्र पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागते. ढग निघून गेलेले असतात. उघड्या आकाशाखाली रात्रभर जमीन आपली ऊब सोडत राहते, आणि जमिनीबरोबर पाणीही. माणसाला थंडीची पहिली चाहूल लागते ती अभ्यंगस्नानाच्या पहाटे. तलाव सावकाश निवतो. त्याचं निवणं महिना-दीड महिना चालतं, आणि वर्षातला सर्वांत पवित्र काळ कोणता असं मला कुणी विचारलं तर मी हेच दिवस सांगेन.

आश्विनातल्या पहाटे पाण्यात हात घालून बघावा. हवा गार आणि पाणी उबदार लागतं. दिवसभर साठवलेली ऊब पाणी सहजासहजी सोडत नाही, म्हणून तर पहाटे तलावावर वाफेचे पदर उठतात. पण वरचा पातळ थर थंड होतोच. थंड झालेलं पाणी जड होतं, खाली उतरू लागतं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं कोमट पाणी वर येतं. आमच्या भागातले जुने तलाव उथळ, त्यामुळे ही घुसळण थेट तळापर्यंत पोचते. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. एखादा खंड्या सूर मारतो, पाणकावळा पंख वाळवत बसलेला असतो, आणि त्यांच्या खाली अख्खा तलाव वरचा खाली, खालचा वर होत असतो. या घुसळणीतून पाण्याला नवा श्वास मिळतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी २० अंशांवर आलं की नऊ मिलिग्रॅमपर्यंत.

नागपूरहून रामटेककडे निघालं की हे तलाव भेटू लागतात, आणि पुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत त्यांची साथ सुटत नाही. सगळे मिळून सहा हजारांहून अधिक. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, कोहळी समाजाने उताराचा अंदाज डोळ्यांनी घेऊन मातीच्या पाळी घातल्या, आणि पूर्व विदर्भाचं धान त्या पाण्यावर पिकलं. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, नावावरून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव तेवढं राहिलं. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. बांध म्हणजे पाळ, आणि पाणी सोडायची दगडी वाट ती तुडुम. या पाण्यातली मासळी मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची. आज त्यांच्या मच्छीमार संस्था तलाव ठेक्याने घेतात, बीज सोडतात, जाळी टाकतात. पाळीवर गळ घेऊन बसायचं तर त्यांना विचारूनच बसावं. मी विचारतो. ज्याच्या घरी जायचं त्याला हाक मारूनच आत शिरावं, इतकी ती साधी रीत आहे.

मी जातो ते मरळीसाठी.

राहू आणि कटला यांना बाजारात मान आहे, आणि तो त्यांनी मिळवलेला आहे. पण ते बाहेरून आणून सोडलेले पाहुणे. मरळ या चिखलाची, या गवताची. पाठ काळपट हिरवी, पोट फिकट, कुशीवर तिरपे गडद पट्टे. डोकं चपटं, सापासारखं, त्यावर मोठे खवले. जबड्याची चीर डोळ्याच्याही मागे गेलेली. शिकारीच्या मागे धावणं तिच्या स्वभावात नाही. देवधान गवताच्या बुंध्याशी किंवा शिंगाड्याच्या वेलाखाली ती काठीसारखी स्थिर राहते, आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की एकाच झेपेत गिळते. पावसाळ्यात मात्र ही शिकारी आई होते. नारिंगी रंगाच्या शेकडो पिल्लांचा पुंजका पाण्याच्या पृष्ठावर खळबळत फिरतो आणि त्याच्या खाली जोडीने पहारा असतो. त्या पुंजक्यावर गळ टाकला तर मरळ चवताळून येते, हे गळकऱ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच तिथे गळ टाकू नये. कार्तिक येईतो पिल्लं बोटभर होतात, रंग बदलतात, आपापल्या वाटेने पांगतात. पहारा उठतो, आणि मगच गळकऱ्याचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो.

मत्स्यशेतीच्या पाठात मरळीचं नाव वेगळ्या रांगेत येतं. राहू-कटल्याचं बीज सोडण्याआधी तलावातून काढून टाकायच्या माशांत ती बसते, कारण ती बीज खाते. हिशेब खरा आहे. तरीही ज्या तलावात मरळ उरली नाही, त्या तलावाच्या पाळीवर मला फार वेळ बसवत नाही.

मरळीला कल्ले असून पुरत नाहीत. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, तिला एक पोकळी आहे. तिथे ती आपल्यासारखीच हवा घेते. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात राहूनही गुदमरते. म्हणूनच तलाव आटला तरी ओल्या चिखलात ती तग धरते, आणि बाजारातल्या टोपल्यात ओल्या गोणपाटाखाली तासन्‌तास जिवंत राहते. तिचा श्वास जवळून बघायचा असेल तर शिंगाड्याच्या वेलातल्या एखाद्या मोकळ्या खिडकीवर नजर ठेवून बसावं. आधी काहीच नसतं. मग पाण्याखालचा अंधार किंचित दाट होतो. चपटं नाक पृष्ठाला टेकतं, जबडा उघडतो, चुबुक असा आवाज होतो, आणि ती वळते. वळताना कुशीवरचा एक पट्टा क्षणभर दिसतो. मागे एक वर्तुळ पसरतं, त्यात दोन-तीन बुडबुडे फुटतात. एवढंच. मी ज्या हवेत बसलोय त्याच हवेचा एक घोट तिने नेलेला असतो.

भाद्रपदात हे श्वास लवकर लवकर येतात. पाणी कोमट, मरळ चपळ, भूक मोठी, त्यामुळे तिला हवाही जास्त लागते. पाणी निवू लागलं की तिचं रक्त, तिचं पचन, तिची हालचाल सगळंच पाण्याबरोबर निवतं, कारण माशाच्या अंगाला स्वतःची वेगळी ऊब नसते. भूक कमी होते आणि दोन श्वासांतलं अंतर वाढत जातं. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे रामटेकच्या गडावर टिपूर पेटेपर्यंत, एकाच कोपऱ्यात बसून हे अंतर वाढताना मी ऐकत आलो आहे. पाण्याचं तापमान सांगणारं याहून जिवंत साधन माझ्या माहितीत नाही.

गळकऱ्याला मग स्वतःला बदलावं लागतं. पावसाळ्यात पहाट आणि तिन्हीसांज मरळीची. कार्तिकात पहाटे जाऊन उपयोग नाही. ती तेव्हा खोलात पडून असते. ऊन वर आलं, काठाचं उथळ पाणी तापलं, की अकराच्या पुढे ती काठाकडे सरकते. भर दुपारी, जेव्हा शहाणा माणूस सावली धरतो, तेव्हा पाळीवर बसायचं. बेडूक दिसेनासे झालेले असतात, म्हणून आमिषही बदलतं. जिवंत झिंगे किंवा लहानशी मासोळी. तंगूस सैल ठेवायचा. तरंगायला बांधलेला मोरपिसाचा देठ हलला म्हणून लगेच काठी उचलायची नाही. ती आमिष तोंडात धरून थांबते, विचार केल्यासारखी, आणि मग गिळते. अमेरिकेतल्या तळ्यांत बास नावाचा मासा याच दिवसांत अधाशासारखा खातो म्हणतात, कारण त्याच्यापुढे बर्फाखालचा हिवाळा असतो. आमच्या मरळीपुढे बर्फ नाही. ती नुसती मंद होते, आणि तिच्याशी गाठ हवी असेल तर आपणही तितकंच मंद व्हावं लागतं.

गळाची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाद्य, दोरी, काठी, सगळं त्यात राजाच्या इतमामाने येतं. पण मला ही विद्या मिळाली ती रामटेकजवळच्या एका पाळीवर, एका म्हाताऱ्या ढीवरकाकांकडून. मी उतावीळपणे काठी उचलताना बघून ते म्हणाले होते, “पानी निवलं का मरळीले घाई नसते, बापू. मंग तुले कायची घाई हाय?”

शहरातल्या तळ्यांकडे बघितलं की जीव तुटतो. जिथे वर्षानुवर्षं सांडपाणी उतरलं, तळाशी सडका गाळ साचला, तिथे पाणी घुसळलं की तो गाळच प्राणवायू पिऊन टाकतो, आणि नवा श्वास आणणारी घुसळण मासे मारते. पहाटे पोटं वर करून ते तरंगताना दिसतात. नागपूरच्या अंबाझरी तलावावर जलपर्णी पसरते तेव्हा पाण्याला आकाशही दिसत नाही. याउलट गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या परिसरात मनीष राजनकर यांनी ढीवर कुटुंबांबरोबर तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम उभं केलं. पाण्यात माजलेली परकी बेशरमाची झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती हातांनी पुन्हा लावल्या. त्या कामात ढीवर बायका पुढे होत्या. वनस्पती आल्या तशा देशी मासोळ्या परतल्या. तलाव वाचवायचा तर कुठून सुरुवात करायची, हे त्या बायकांना विचारावं. कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी ते शिकलेलं आहे.

शिंगाड्याची तोडणी याच दिवसांत येते. वेलातून डोंगा सरकतो, वेल उलटा करून फळं खुडली जातात, आणि संध्याकाळी नागपूरच्या चौकाचौकांत उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. या वेलाच्या सावलीत मरळीने सगळा पावसाळा काढलेला असतो.

गेल्या कार्तिकात भर दुपारी काकांच्या शेजारी बसलो होतो. मोरपिसाचा देठ आडवा झाला, थांबला, मग तिरपा सरकत वेलाखाली गेला. मी थांबलो. काकाही काही बोलले नाहीत. देठ पुरता बुडाला तेव्हा काठी उचलली. मरळ उड्या मारत नाही. ती खाली, मुळांकडे ओढते, आणि तो ओढा मनगटातून खांद्यापर्यंत चढतो. काठावर आली तेव्हा जबडा उघडून ती हवा घेत होती, तिला न घाबरवणारी, ओळखीची हवा. पोट रिकामं होतं, अंग हाताला गार लागत होतं. मासळी संस्थेची, मी ती काकांच्या हातात दिली. त्यांनी तळहातावर तोलली, सव्वा किलो म्हणाले, आणि टोपल्यात ओलं गवत घालून तिला ठेवलं.

मग त्यांनी वेलाकडे बोट केलं. पंधरा दिवसांत पानं कुजायला लागतील, इथला आडोसा जाईल, सगळ्या मरळी तुडुमाकडे सरकतील. तिथे कुठे बसायचं तेही त्यांनी काठीने दाखवलं: तुटक्या दगडाच्या डाव्या हाताला, पाणी गुडघाभर आहे तिथे, अकरानंतर ऊन पोचतं त्या कडेला. “आन् सावली पान्यावर पडू देऊ नको,” ते म्हणाले, “तिले वरचं समदं दिसते.”