चाळिशीतला जेआर-वन

संपादकांना माझ्याबद्दल प्रेरणादायी लेख हवा होता. हिमायतनगरात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस तिशीच्या आसपास एमबीबीएसला कसा गेला, त्यातली जिद्द, आईवडिलांचे आशीर्वाद वगैरे. असे लेख दर दिवाळीला निघतात आणि सगळे पदवीच्या फोटोपाशी येऊन संपतात. खरी पंचाईत फोटोनंतर सुरू होते. आता शाखा कोणती घ्यायची?

हाच प्रश्न घेऊन गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्याच एक बाई माझ्याकडे आल्या. आधी परिचारिका होत्या, दोन मुलं शाळेत, पस्तिशी उलटलेली, इंटर्नशिप संपत आलेली. म्हणाल्या, "सर, जो भेटेल तो म्हणतो आवड बघा. आवड बघत बसायला माझ्याकडं वेळ कुठंय?" मी त्यांना चहा पाजला आणि इकडचं तिकडचं बोललो. नीट उत्तर दिलं नाही, कारण ते माझ्याजवळ तयार नव्हतं. ते अजून टोचतं, म्हणून हा लेख.

आधी हिशेब मांडू. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक. शासकीय जागा असेल तर बंधपत्राची एक वर्षाची सेवा, चुकवली तर दहा लाख दंड. मग नीट-पीजीची तयारी, एमडीची तीन वर्षं आणि पुन्हा बंधपत्र. ते मोडलं तर पन्नास लाख. तिशीत आत शिरलेला माणूस तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या वर्गमित्रांची मुलं नीटच्या क्लासला लातूरला गेलेली असतात. मधल्या काळात तर दारच बंद होणार होतं. खुल्या प्रवर्गाला पंचवीस आणि राखीव प्रवर्गांना तीस अशी वयाची अट आली, कोर्टात गेली, आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती काढून टाकली. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी २०२० मध्ये चौसष्टाव्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात दाखल झाले, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्यांनी शाखा कोणती घ्यावी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

डॉ. रखमाबाईंनाही ते कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या घरी नांदायला जाणार नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, एवढं आपल्याला पाठ असतं. १८८९ साली त्या लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. त्या काळातल्या बाई डॉक्टरला बायकांचा दवाखाना सोडून दुसरी वाट नव्हतीच. त्या सुरतेला गेल्या आणि पुढची कितीतरी वर्षं तेच काम केलं. म्हणजे त्यांची शाखा काळानं ठरवली. आमची क्रमांक ठरवतो, एवढाच फरक.

ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. लोकांना वाटतं, डॉक्टर झाल्यावर माणूस दुकानात साडी निवडावी तशी शाखा निवडतो. प्रत्यक्षात गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला रेडिओलॉजी, मेडिसिन आणि त्वचारोग संपून जातं आणि खाली उरेल त्यातून घ्यावं लागतं. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन असल्या जागा रिकाम्याच राहतात. २०२३ मध्ये तर जागा भराव्यात म्हणून नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला.

माझा क्रमांक मधला होता. सर्जरी मिळण्यासारखी होती. सर्जरीचे रेसिडेंट पाहिले आणि गुडघ्यांनी नकार दिला. १९९२ च्या केंद्र सरकारच्या आदेशात रेसिडेंटला सलग बारा तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असं लिहिलेलं आहे. तो कागद कुठल्या कपाटात असतो ते कुणी सांगावं. मी भूलशास्त्र घेतलं. त्यातही रात्री जागवतात, पण तिथं निदान एका टेबलाशी बसायला मिळतं. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, असताना माझा सीनिअर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होता. दिवसा मला "अंकल" म्हणायचा आणि पहाटे तीनला त्याच प्रेमानं रक्तपेढीत पिटाळायचा. उशिरा आलेल्याला हे गिळता आलं पाहिजे. ज्याला येत नाही त्यानं एमडीच्या वाटेला जाऊ नये, मग शाखा कोणतीही असो.

पण निव्वळ गुडघ्यांमुळे मी इथं आलो, असंही नाही. औषधांच्या दुकानात बारा वर्षं माझं मुख्य काम एकच होतं, नाव वाचणं. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, सारखी नावं, पाच आणि पन्नास यांतला फरक. भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये अशाच एकसारख्या काचेच्या अँप्यूल असतात. त्यातली एक श्वासाचे स्नायू लुळे करते, दुसरी ते पूर्ववत करते. फोडण्याआधी, भरताना आणि टोचण्याआधी असं तीनदा लेबल वाचायला बावीस वर्षांच्या हुशार पोरांना शिकवावं लागतं. मला ती खोड आधीच होती. पूर्वायुष्यातलं काय कामी येतं हे पाहून शाखा घ्यावी, हे मला त्या बाईंना सांगता आलं असतं. त्यांनी लेबर रूममध्ये वर्षं काढली आहेत.

तांत्रिक काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण कंबरेच्या सुईबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रत्येक सिझरच्या आधी एक सासू पुढं येते: "डाक्टरसाहेब, कंबरेत सुई नका देऊ. थोरलीची कंबर तवापासून कामातून गेली." त्या सुईनं कंबर जात नाही. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधून शिरतो आणि तिथल्या पाण्यात दोन मिलिलिटरच्या आसपास बुपिव्हकेन सोडतो. पुढच्या काही मिनिटांत पाय जड होतात. त्याचबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात आणि रक्तदाब घसरतो. वरून भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं. म्हणून बाईला डावीकडं कलतं करायचं, सलाइन सोडायचं, मेफेन्टरमिन हाताशी ठेवायचं आणि दर मिनिटाला दाब बघायचा. सुईनंतर काही जणींचं डोकं दुखतं, ते खरं. भोकातून पाणी झिरपतं म्हणून, आणि सुई बारीक असेल तर तेही क्वचित. कंबर दुखते ती नऊ महिन्यांच्या ओझ्यानं, बाळाला उचलून आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन काढायला गेल्यानं. पण दोष सुईला.

आता माझा जुना वाद. खेड्यापाड्यात सिझर अडतं ते बहुतेक वेळा कापणारा नसतो म्हणून नव्हे, भूल देणारा नसतो म्हणून. हिमायतनगर १९९९ मध्ये तालुका झालं, मुदखेड-आदिलाबाद लाइनवरचं स्टेशनही आहे, पण अडलेल्या बाईला घेऊन गाडी निघते ती नांदेडच्या रस्त्यालाच. यावर सरकारनं तोड काढली, एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवड्यांत भूल द्यायला शिकवायचं. माझे कित्येक सहकारी या नावानं खवळतात. अठरा आठवड्यांत कंबरेतली सुई, म्हणजे स्पायनल, द्यायला येते, हे मी मान्य करतो. ती चढून श्वासापर्यंत गेली, किंवा लागलीच नाही आणि बाईला पूर्ण झोपवावं लागलं, तर काय? गरोदर बाईच्या घशाला सूज असते, पोट रिकामं होत नाही, नळी घालताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. हे अठरा आठवड्यांत हाताला बसत नाही. पण माझं भांडण त्या डॉक्टरांशी नाही. भांडण आहे ते भूलशास्त्राचा दोन वर्षांचा डीए डिप्लोमा मोडीत काढणाऱ्यांशी. गेल्या दशकाच्या शेवटी सरकारी कॉलेजांतल्या पदविकेच्या बहुतेक जागा एमडीच्या करण्यात आल्या. कागदावर पदवीच्या जागा वाढल्या आणि तालुक्यात जाणारा माणूस घटला. राष्ट्रीय परीक्षा मंडळानं २०२० मध्ये आठ विषयांचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले, त्यात भूलशास्त्र आहे. उशिरा आलेल्यासाठी हाच खरा रस्ता. पण तो दाखवला की लोक विचारतात, "म्हणजे एमडी नाही मिळालं?" मी स्वतः एमडी आहे आणि सांगतो, माझ्या तीन वर्षांतला मोठा तुकडा प्रबंधाच्या फायलीत गेला. त्या फायलीनं आजवर एकाही पेशंटचा रक्तदाब वर आणलेला नाही.

याउलट डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातले. कोकणात महाडजवळच्या आरोग्य केंद्रात विंचवाच्या दंशानं मरणारी माणसं त्यांनी आधी पाहिली, मग एमडीला गेले आणि परत त्याच भागात आले. विंचूदंशावर प्राझोसिन देण्याचं त्यांचं काम तिथून लॅन्सेटमध्ये गेलं. पेशंट आधी आणि शाखा नंतर, हा क्रम मला कायम पटत आला आहे. आमच्याकडं विंचवाच्या जागी मण्यार आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सकाळी पापण्या उघडत नाहीत, मग श्वास थांबू लागतो. तिथं प्रतिविषाइतकाच श्वास देत राहणारा माणूस लागतो. तो शक्यतो भूलतज्ज्ञ असावा.

तरी कधी शंका येते. हदगाव, भोकर, उमरखेड अशी कॉलवर बॅग घेऊन फिरताना रात्री दोन वाजता समजा काही बिघडलं, तर हाक मारायला दुसरा भूलतज्ज्ञ आसपास नसतो. त्वचारोगवाला त्या वेळी झोपलेला असतो. पन्नाशीत ही गोष्ट तिशीपेक्षा जास्त जाणवते, आणि शाखा सुचवताना ही बाजू कुणी सांगत नाही. पैसे बरे मिळतात. नाव मिळत नाही. पेढे घेऊन येणारे सर्जनची केबिन कुठंय ते मला विचारतात.

शेवटी त्या बाईंना मी फोन करून हे सगळं सांगितलं. जागा घेऊन सोडली तर किती भरावं लागतं ते आधी वाचा, बारीक अक्षरातलंसुद्धा. मुलांची शाळा जिथं असेल तिथून रात्री घरी पोचता येईल असंच कॉलेज वर टाका. डिप्लोमाच्या जागा वेगळ्या पाहा. आणि भूलशास्त्राला नाकं मुरडू नका. त्यांनी पसंतीक्रमाची यादी पाठवली. पहिलं बालरोग, दुसरं स्त्रीरोग, भूलशास्त्र सातवं. ते तिसरं करा म्हणून मी पुन्हा फोन केला. त्यांनी चौथं केलं.