मुकी तबकडी

जिच्यात गाणेच नाही अशा तबकडीसाठी रात्री जागविणारा मनुष्य सध्या आमच्या खालापूरच्या घरी आहे. माझा भाचा कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवरील लग्नात प्रथमच डीजे म्हणून उभा राहणार आहे.

त्याच्या तबकडीवर कोरलेला असतो केवळ एक सांकेतिक सूर. सुई तो टिपते. त्यावरून तबकडीचा वेग नि दिशा संगणक ओळखतो आणि आपल्या पोटातील गाणे तसेच फिरवितो. न्यूझीलंडच्या सेराटोने या पद्धतीची आपली आवृत्ती २००४ साली बाजारात आणली.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत गवई तीन मिनिटांत सर्वस्व ओतून जाई. आपण नुसती चावी द्यावी. येथे बोट अडखळले की गाणे अडखळते. शिवाय हजारो गाण्यांतले कोणते केव्हा लावावे, हे यंत्र सांगत नाही. म्हणून तो सुई पुसतो, दोन ठेके कानाने जुळवितो, मोडतो, पुन्हा जुळवितो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावयाचा. तत्पूर्वी अनोळखी वऱ्हाडाचे पाय हलले पाहिजेत!

आम्हां प्राध्यापकांचे तरी निराळे काय? ज्ञान ग्रंथांत, आमच्या हाती फक्त सुई. ती कोठे टेकावी, हे प्रत्येक नव्या वर्गापुढे नव्याने ठरवावे लागते. आणि हात अजूनही किंचित कापतो.